'हिंदू' अर्ध्यावर सोडली, आता नेमाडे कुठून वाचू?

ताई, नमस्कार.

मी नागपूरच्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पगारावर, इंग्रजी शिकवते. वय चौतीस. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून एक नाव सतत कानावर आहे, कादंबरीकार भालचंद्र नेमाडे. सासरे एजी ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांच्याकडे नेमाड्यांच्या 'कोसला'ची जुनी प्रत आहे, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली, आणि ती ते कोणाला देत नाहीत. सासूबाई म्हणतात, "या पुस्तकानं यांना जन्मभर कामं टाळायले निमित्त देलं."

मी आपली ज्ञानपीठवाले लेखक म्हणून थेट 'हिंदू' विकत आणली. येताजाता मेट्रोत वाचू म्हटलं. सत्तर-ऐंशी पानांपाशी गाडी थांबली ती थांबलीच. कोण कोणाचं कोण लागतं हेच कळेना. स्टाफरूममध्ये विषय काढला तर दोन पक्ष पडले. एक मॅडम म्हणाल्या, ज्या लेखकाला बायका दिसतच नाहीत त्याच्यावर वेळ कशाला घालवतेस? एक सर म्हणाले, नेमाडे वाचले नाहीत तर स्वतःला मराठी वाचक म्हणवून घेऊ नका. तिसरे एक जण डबा उघडत म्हणाले, "काहून डोक्याले ताप करून घेता मॅडम?"

तर ताई, सुरुवात कुठून करू? 'हिंदू' जमली नाही याचा अर्थ माझंच वाचन कच्चं आहे का? आणि त्यांचा तो देशीवाद मला पटला नाही, तरी कादंबऱ्या वाचता येतात का? (माझी आजी मलकापूरची आहे, हे सासरे ऐकतात तेव्हा म्हणतात, मग तर तुला 'हिंदू' आलीच पाहिजे. का, ते सांगत नाहीत.)

— एक अर्धवट वाचक, नागपूर

*

अर्धवट वाचकबाई,

उत्तर आधी देऊन टाकते, कारणं मागाहून. 'बिढार'पासून सुरू करा. 'कोसला'पासून नको. तुमच्या सासऱ्यांना हे आवडणार नाही, आणि मराठीच्या निम्म्या प्राध्यापकांनाही नाही. नेमाडे कुठून वाचायचे असं कोणालाही विचारा, तोंडातून 'कोसला' असंच येतं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. तुम्ही चौतीस वर्षांच्या आहात, सीएचबीवर आहात आणि इंग्रजी शिकवता. या तीन गोष्टींमुळे माझं उत्तर बदललं.

'कोसला' 1963 साली आली. लेखक तेव्हा पंचविशीत. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकरही पंचवीसचाच. खानदेशातल्या गावातून पुण्याला कॉलेजात गेलेला, खात्यापित्या शेतकऱ्याचा मुलगा. सुरुवातीलाच तो आपलं नाव सांगतो, वय सांगतो, आणि वयाच्या आकड्याआधी 'उदाहरणार्थ' असं ठेवून देतो. स्वतःचं वयसुद्धा तो ठाम सांगायला तयार नाही. पुढे पानोपानी वगैरे, थोर, एकूण असे शब्द येत राहतात, आणि वाचणारा एकतर पहिल्या दहा पानांत त्या आवाजाच्या प्रेमात पडतो किंवा पुस्तक आपटतो. मधला मार्ग मी तरी पाहिलेला नाही. फडके-खांडेकरांच्या कादंबऱ्यांत घोटून गुळगुळीत झालेल्या मराठीवर वाढलेल्या वाचकाला हा आवाज म्हणजे कानाखाली बसल्यासारखा होता. होस्टेलमधली रात्रीची बडबड अशीच्या अशी कागदावर आली होती, आणि तीत दुःखही होतं. पुस्तकाची अर्पणपत्रिकासुद्धा 'शंभरातील नव्याण्णवांस' अशी. तुमचे सासरे त्या नव्याण्णवांत मोजले गेले असणार आणि अजून तिथेच बसले असणार. त्यांना नावं ठेवू नका. वेळेवर भेटलेलं पुस्तक माणूस सोडत नाही.

पण तुम्ही आत्ता ते उघडलंत तर काय होईल, याचा मला अंदाज आहे. पांडुरंग कॉलेजात उंडारतो, स्नेहसंमेलनं आणि मेसच्या भानगडी अंगावर घेतो, हिशेब बिघडवतो आणि खर्च वडिलांच्या नावावर पडतो. महिन्याच्या शेवटी घेतलेल्या तासांचं बिल भरून सहीसाठी टेबलाटेबलावर फिरणाऱ्या बाईला पहिल्या पन्नास पानांत त्याचा राग येईल. राग रास्त आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांनी 'कोसला' नेमकी इथेच टाकली, आणि त्यामुळे पुढे पांडुरंगाची धाकटी बहीण मनी जाते तो भाग त्यांना कधी भेटलाच नाही. त्या पानांमध्ये थट्टा करणाऱ्या त्या आवाजाचं काय होतं, ते मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगते की मराठी गद्यात घरातल्या लहान मुलीच्या मृत्यूबद्दल इतकं उघडं लिहिलेलं फार थोडं आहे. त्या पानांपर्यंत पोचायचं तर आधी लेखकावर थोडा विश्वास बसलेला हवा. तो 'बिढार'मध्ये बसेल.

'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' या चार कादंबऱ्यांना मिळून चांगदेव चतुष्टय म्हणतात. पहिल्या दोन 1975 च्या, 'जरीला' 1977 ची आणि 'झूल' 1979 ची. चारींचा नायक एकच, चांगदेव पाटील. धंदा: इंग्रजीचा प्राध्यापक. आता कळलं का?

नेमाडे स्वतः आयुष्यभर इंग्रजी शिकवत आले, नगर, धुळे, औरंगाबाद अशा गावांतून फिरत. पुढे लंडनला आणि गोव्याच्या विद्यापीठातही होते. त्यामुळे चांगदेवाची नोकरी त्यांनी बाहेरून पाहून लिहिलेली नाही. चांगदेव एका गावातून दुसऱ्या गावात जातो. नवं कॉलेज, नवी खोली, नवी खाणावळ, आणि जिथे जाईल तिथे संस्था चालवणारी तीच मंडळी. कोणाला कोणत्या जातीचा म्हणून घेतलं आणि कोणाला कशासाठी काढलं, याचं गणित स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाठ. त्यावर उघड कोणी बोलत नाही, चहा आला की विषय बदलतो. संस्थाचालकाच्या गाडीचा आवाज आला की आत्तापर्यंत शेक्सपियरवर बोलणारा माणूस कसा उठून उभा राहतो, हे तुम्ही नागपुरात रोज पाहत असाल. पन्नास वर्षांपूर्वीच्या कादंबरीत ते वाचताना सारखं वाटेल की हे आपल्याच कॉलेजचं लिहिलंय, फक्त नावं बदललीत. तेव्हा सीएचबी हा शब्द रूढ नव्हता, पण वर्ष संपलं की नोकरीचं काय, ही टांगती तलवार तीच होती.

आणखी एक सोय आहे. 'कोसला'त 'मी' बोलतो, त्यामुळे त्या माणसाच्या तोंडाला कंटाळलात की सुटका नाही. चतुष्टयात चांगदेव 'तो' आहे. लेखक त्याच्या जवळ राहतो पण त्याच्या डोक्यात तुम्हाला कोंडत नाही. भाषा साधी, वाक्यं सरळ. ज्यांना नेमाडे दुर्बोध वाटतात त्यांनी हे चार ग्रंथ बहुधा उघडलेले नसतात. (आणि कवी ग्रेस ज्या गावात राहिले, त्या गावाने तरी दुर्बोधतेची तक्रार करू नये. 'संध्याकाळच्या कविता' पाठ म्हणणारे लोक इथे धरमपेठेत भेटतात आणि 'हिंदू' समजत नाही म्हणतात, याची मला गंमत वाटते.)

'बिढार'चा पहिला मोठा भाग मुंबईत घडतो. साठच्या दशकातली लघुनियतकालिकं काढणारी पोरं, त्यांच्या खोल्या, पैशाची चणचण, रात्रभर चाललेले वाद. त्या चळवळीत नेमाडे स्वतः होते, 'वाचा' नावाचं अनियतकालिक त्यांनी चालवलं. कोण पात्र म्हणजे खरा कोण, हे ओळखण्याचा खेळ मराठीचे लोक आवडीने खेळतात. तुम्ही त्यात पडू नका, त्याने वाचनात काही भर पडत नाही. हा भाग कंटाळवाणा वाटला तर भरभर पुढे जा, नोकरीचं गाव आलं की वेग कमी करा. गोष्ट पुढे सरकत नाही अशी तक्रार करू नका, कारण इथे गोष्ट म्हणजे एका माणसाचं हळूहळू झिजणं आहे आणि ते पानामागून पान वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. 'हूल' आणि 'जरीला' त्याच ओळीत वाचा. चारांत मला 'जरीला' सगळ्यात जवळची वाटते, पण ते माझं मत, त्यावर भांडायला मी तयार आहे.

आता 'हिंदू'. तुमचं वाचन कच्चं नाही, तुम्ही दार चुकलात. 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' 2010 साली आली तेव्हा वाचकांनी तिची वर्षानुवर्षं वाट पाहिलेली होती. सहाशेच्या वर पानं, आणि नेमाड्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं की हा एका मोठ्या मालिकेचा नुसता पहिला भाग आहे. नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक. सुरुवातीला तो मोहेंजोदडोच्या उत्खननावर आहे, तिथून वडिलांच्या आजारपणापायी खानदेशातल्या मोरगावला परत येतो. कथानक म्हणाल तर एवढंच. बाकी सगळं आठवणींतून वर येतं. आज्या, आत्या, भाऊबंद, गावातल्या जाती आणि त्यांचे धंदे, शेतीचे वाद, पंथ, देव, भांडणं. दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावर चढलं की हातात येईल ती वस्तू खाली काढत जावं लागतं, आधी यादी करून चढणारा कोणी नसतो. पुस्तकाच्या नावातच अडगळ आहे आणि तुम्ही तिच्यात वंशावळ शोधत बसलात. कोण कोणाचं कोण लागतं हे 'हिंदू'त पहिल्या वाचनात कोणालाच पक्कं सांगता येत नाही. तुमच्या सासऱ्यांना विचारून पाहा, तेही घोटाळा करतील.

शिवाय मेट्रोत, दोन स्टेशनांच्या मध्ये चार पानं, ही ती वाचायची रीतच नव्हे. सीताबर्डीला गाडी बदलेपर्यंत मोरगावातलं जे घर तुम्हाला कळलेलं असतं, ते पुढच्या गाडीत बसेपर्यंत विसरलेलं असतं. 'बिढार' मात्र मेट्रोत छान चालते.

आजीचा मुद्दा सासऱ्यांनी बरोबर काढला होता, फक्त फोड करून सांगितला नाही. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्या भागातल्या लेवा पाटलांची बोली भुसावळ, रावेर असं करत तुमच्या मलकापूर-नांदुऱ्यापर्यंत येते, आणि तिथून पुढे आपली वऱ्हाडी सुरू होते. 'हिंदू'तल्या बायाबापड्यांच्या तोंडची भाषा पुण्यातल्या वाचकाला अडखळवते, तुमच्या आजीला ती घरची वाटेल. म्हणून 'हिंदू' परत उघडाल तेव्हा एकट्याने नका वाचू. आजीची तब्येत आणि मर्जी बरी असेल तर संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि एखादं भांडण किंवा एखादा लग्नाचा प्रसंग मोठ्याने वाचून दाखवा. जिथे ती मध्येच तोडून "असं नाही म्हणत, असं म्हणतात" म्हणेल, तिथे पेन्सिलीने खूण करा. तुमच्या प्रतीवर सासऱ्यांच्या प्रतीपेक्षा जास्त किमतीच्या खुणा होतील.

आणि विदर्भाचा धागा एवढ्यावर संपत नाही. नेमाड्यांच्या मते मराठी गद्याचा खरा वारसा महानुभावांच्या लीळाचरित्रात आहे. ती परंपरा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरची. नागपूरहून मोटारीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतकं ते गाव जवळ आहे, आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालंय. चांगदेव हे नायकाचं नावही त्या पंथाने अवतार मानलेल्या पंचकृष्णांपैकी एकाचं. लीळाचरित्रातल्या चार-दोन लीळा वाचून मग 'बिढार'चं एखादं पान काढा. छोटी वाक्यं, माणसं आली, बोलली, जेवली, गेली, आणि लेखक मध्ये बोलत नाही. नेमाडे हे कुठून शिकले असतील, ते दिसायला लागतं.

आता देशीवाद. हा प्रश्न तुम्ही कंसाआधी एका वाक्यात विचारलात, पण पत्रातला सगळ्यात अवघड तोच आहे.

देशीवाद म्हणजे काय हे दुसऱ्यांच्या तोंडून ऐकू नका. त्यांच्या निबंधांचं पुस्तक 'टीकास्वयंवर', याला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला मराठी कादंबरीवरचा दीर्घ निबंध वाचा. तिथे ते मराठी कादंबरीच्या तीन वाटा सांगतात. एक बाबा पदमनजींच्या 1857 च्या 'यमुनापर्यटन'ची, एक 'मुक्तामाला'ची, एक 'मोचनगड'ची. राजवाडे, प्रेमवीर, किल्ले आणि लढाया या वाटांवरच्या लिखाणाला ते फारसा भाव देत नाहीत. मान देतात तो 'यमुनापर्यटन'ला, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या एका माणसाने विधवांच्या हालांवर लिहिलेल्या पुस्तकाला. देशीवाद म्हणजे आपलं ते सगळं चांगलं आणि बाहेरचं वाईट, असं ज्यांनी ऐकीव माहितीवर ठरवलं आहे त्यांनी इथे थोडं थांबावं. आपल्या समाजाचं जगणं पाहून लिहा, उसन्या साच्यात ओतू नका, एवढा त्या निबंधाचा रोख आहे, आणि तेवढ्यापुरता तो मला पूर्ण पटतो.

न पटणारा भागही सांगते. 'हिंदू'त गावगाड्याकडे आणि जातींच्या एकमेकांवर अवलंबून असण्याकडे ज्या मायेने पाहिलं जातं, त्यावर कडक आक्षेप घेतले गेले आहेत. आपल्या शहरात दीक्षाभूमी आहे. ज्या माणसांनी 1956 साली इथे येऊन तो गावगाडा पाठीमागे टाकला, त्यांच्या नातवंडांना 'समृद्ध' हा शब्द कसा ऐकू येत असेल, याचा विचार न करता ही कादंबरी नागपुरात वाचता येणार नाही. कादंबरी त्या व्यवस्थेतली क्रूरता लपवत नाही हे खरं, कितीतरी पानं त्यावरच आहेत. तरी निवेदकाचा जीव कुठे रमतो हे लक्षपूर्वक वाचणाऱ्याला कळतंच. इथे तुमचा आणि लेखकाचा वाद झाला तर वाचन बिनसलं असं समजू नका, मी तर म्हणेन 'हिंदू' शेवटपर्यंत नेणारा वाचक बहुधा वाद घालत घालतच जातो.

तुमच्या त्या मॅडमचंही निम्मं बरोबर आहे. 'कोसला'त आई, आजी, बहिणी सोडल्या तर बाई जवळजवळ नाही. पुण्याच्या कॉलेजात मुली होत्या, पण पांडुरंगाच्या पुस्तकात त्या लांबून जाणाऱ्या आहेत. चतुष्टयातही चांगदेवाच्या आयुष्यातल्या बायका त्याच्या अडचणींच्या बाजूला उभ्या असतात, त्यांच्या स्वतःच्या अडचणी आपल्याला पुरेशा कळत नाहीत. हे मला वाचताना खुपतं. निम्मं यासाठी म्हटलं की 'हिंदू'त बायका भरपूर बोलतात, आणि पुरुषांपेक्षा तिखट बोलतात. मॅडमनी ती वाचली असेल तर त्यांना विचारा, त्या बायकांचं काय? वाचली नसेल तर मात्र त्यांच्या मताला स्टाफरूमच्या चहाइतकीच किंमत द्या. आणि 'नेमाडे वाचले नाहीत तर मराठी वाचक नाही' म्हणणाऱ्या सरांनाही तेवढीच. असं म्हणणारे लोक नेमाड्यांचे वाचक कमी करतात.

एक पथ्य पाळा. चतुष्टयातली निदान दोन पुस्तकं होईपर्यंत त्यांच्या मुलाखती आणि भाषणं पाहू नका. माणूस व्यासपीठावर गेला की टोकाचं बोलतो, संमेलनांची टर उडवतो, इंग्रजी शाळा बंद करा म्हणतो, लघुकथेला साहित्यप्रकार म्हणून किरकोळीत काढतो. 2015 च्या फेब्रुवारीत ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा त्यांनी सलमान रश्दींच्या लिखाणावर तोंडसुख घेतलं, आणि रश्दींनी ट्विटरवर शिवी देऊन वर सुनावलं की बक्षीस घ्या आणि नीट आभार माना. खांडेकर, कुसुमाग्रज आणि करंदीकरांनंतर मराठीला मिळालेलं ते चौथं ज्ञानपीठ. त्या आठवड्यात कादंबऱ्यांपेक्षा भांडणावरच जास्त लिहून आलं. गंमत अशी की 'लेखकाचा लेखकराव होतो तो का?' हा झणझणीत निबंध त्यांचाच. सभासमारंभांत रमणाऱ्या प्रसिद्ध लेखकाचं काय होतं यावरचा. छोटा आहे, एका बैठकीत होतो. तो आधी वाचला तरी चालेल, फक्त वाचल्यावर त्यांचं एखादं भाषण पाहायचा मोह टाळा.

पुस्तकं विकत घ्यायची घाई करू नका. सीताबर्डीवर राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय आहे, विदर्भ साहित्य संघ आहे, तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीतही चतुष्टयातलं एखादं पुस्तक मराठी विभागाच्या मागल्या रॅकवर धूळ खात असेलच. सीएचबीवाल्यांना पुस्तक देत नाहीत असं म्हणाले तर एखाद्या कायम मॅडमच्या कार्डावर काढा. मिळेल त्या क्रमाने घेऊ नका एवढंच. 'बिढार' मिळाली नाही म्हणून 'झूल' उचलली, असं करू नका. आधीच्या तिघांत चांगदेव कुठे कुठे हरला हे माहीत असलं तरच 'झूल' नीट लागते. पन्नास पानांत 'बिढार'ही नाहीच जमली तर बिनधास्त परत करा. मग नेमाडे तुमचे नाहीत, विषय संपला. मराठीत वाचायला बाकी पुष्कळ आहे.

जमली तर चारही संपवून 'कोसला'. तोवर पांडुरंगाचा राग आवरता येईल, कारण असली पोरं पुढे कोणत्या स्टाफरूममध्ये जाऊन बसतात हे तुम्ही पाहिलेलं असेल. सासऱ्यांकडे प्रत मागाल तेव्हा आधी सहज विचारा, "बाबा, 'जरीला' कशी वाटली होती तुम्हाला?" 'कोसला' डोक्यावर घेणाऱ्या आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी चतुष्टय उघडलेलं नाही. त्यांनी वाचली असेल तर तुमची संध्याकाळ चांगली जाईल. नसेल तर लायब्ररीतून आणलेली प्रत त्यांच्यापुढे ठेवा. परत करायची तारीख मात्र सांगून ठेवा, नाहीतर दंड तुमच्या मॅडमच्या कार्डावर चढेल.